सोमवारी, उद्यमनगर बंद असताना

साचा उद्यमनगरात झाला.
पुण्याच्या कंपनीचा भाव ऐकून मॅडम म्हणाल्या,
आपल्याकडं माणसं आहेत की,
आणि मी पितळेची चकती पिशवीत टाकून
दस्तगीर मेस्त्रींच्या शेडमध्ये गेले.
नकाशा उलटासुलटा करून त्यांनी विचारलं,
हे कशाचं गटार?
थेंबांचं, म्हटलं. रुंदी केसाएवढी.
त्यांनी डोक्यावरून हात फिरवला.
केस कुणाचा? माझा का तुमचा?

तीन टूल मोडली. चौथ्यानं काम झालं.
तोवर मी शेडमध्ये बसून चहा प्याले,
खिळ्याला एक ॲप्रन होता, धूळ बसलेला.
थोरल्याचा, म्हणाले. मस्कतला असतो.
आणि मशीन चालू केलं.

साच्यावर रबर ओतलं, रात्रभर ओव्हनमध्ये ठेवलं,
सोललं तर खरवसाची वडी निघावी तशी
आरपार दिसणारी चकती.
तिच्या पोटात पाट:
एक येतो, दोन होतात, पुढं पुन्हा एक.
एका सुईतून तेल, दुसरीतून दौतीतली निळी शाई,
आणि दोघांची गाठ पडते तिथं
शाई तुटते,
सेकंदाला नऊ वेळा, न चुकता.

फाट्याशी थेंब येतो.
डावा, उजवा, डावा, उजवा,
डावा,
डावा.

अकरा आठवडे मी हे वहीत लिहीत होते.
दोष आधी धुळीला दिला, मग पंपाला,
मग लाइटच्या कमी-जास्तीला.
राजाराम तलावाकडून मोर ओरडला
तरी वाटायचं, हाच दचकला असेल.
मेसमधली पोरं विचारायची, थेंब कुठवर आले?
मी म्हणायचे, फाट्यापर्यंत.

मग एका सोमवारी मेस्त्री स्वतःच आले,
कामाला सुट्टी, म्हटलं बघावं काय केलंय आपण.
नको नको म्हणताना चपला दाराबाहेर काढल्या,
मोतीबिंदूचा डोळा मिटला,
दुसरा मायक्रोस्कोपला लावला
आणि चहा गार होईस्तोवर हलले नाहीत.

रस्ता मोकळा बघून वळतंय की बेनं!

थेंबाला डोळे नसतात, हे मी सांगणार होते.
पण आत शिरलेला प्रत्येक थेंब
आपली वाट थोडी जड करून ठेवतो,
तेल दुसरीकडं झुकतं,
मागून येणारा तेलाबरोबर जातो.
फाट्यावर उभा असतो एक,
ठरवून गेलेले असतात पुढचे.
समीकरणं होती माझ्याकडं, तीन पानं.
एवढं साधं वाक्य नव्हतं.

उलटं फिरतंय का हे? लेथसारखं?

कुणी विचारलंच नव्हतं.
मी पंपाची दिशा बदलली.
क्षणभर सगळं थबकलं,
मग दोन्ही फाट्यांतून थेंब मागं निघाले,
डावीकडचा, उजवीकडचा,
आपापल्या नंबरानं,
मधलं अंतरसुद्धा जसंच्या तसं,
जसं काही कुणी रांग मोडलीच नव्हती.
एवढ्या बारीक पाटात पाण्याला धाव घेता येत नाही,
म्हणून आल्या वाटेनं परतता येतं.
वरच्या जगात, नदीला, हे जमत नाही.
हे मी बोलले नाही.

सगळे आले? त्यांनी विचारलं, डोळा न काढता.
मी मोजलं.
एकशे चौदा गेले होते. एकशे तेरा.
एक?
दुसऱ्यात मिसळला असंल, म्हटलं.
असू दे, म्हणाले. असू दे.

रुमालानं भिंग पुसलं, जे पुसायचं नसतं.
मोडलेल्या टूलचे पैसे घेतले नाहीत.
जाताना एक फुटकी चकती मागितली,
टाकूनच देणार असशील तर,
आणि ती चष्म्याशेजारी, वरच्या खिशात ठेवली.

त्यांची स्कूटर तिसऱ्या किकला चालू झाली.
मी पंप पुन्हा सुलटा केला.
डावा.
वही उघडून वाट बघत बसले.